वांग्यात सोडे होते

जनूभाऊ घरत पेण-रोहा एसटीवर कंडक्टर होते, आणि आख्ख्या नोकरीत त्यांनी एकाही थांब्याचं खरं नाव पुकारलं नाही. त्यांच्या गाडीला वडखळ लागायचंच नाही. "बटाटावडा!" लागायचा. गडब यायचं नाही, "जिताडा!" यायचा. नागोठणं म्हणजे "दालगोश्त", भिसे खिंड म्हणजे "पोपटी", आणि रोह्याच्या स्टँडात गाडी शिरली की दोन्ही हात वर करून, आरती संपताना करावा तसा गजर, "वालाचं बिरडंऽऽ! चला, उतरा समदे."

आम्हा रोजच्या लोकांना याची सवय होती. नवख्याचे हाल व्हायचे. एकदा पुण्याहून बँकेत बदली होऊन आलेले एक साहेब गाडीत होते. मांडीवर बॅग, हातात घडी केलेला रुमाल. खिंडीचा चढ लागला तसे ते अस्वस्थ झाले.

"कंडक्टर, नागोठणे केव्हा येईल?"

"दालगोश्त मागं गेलं, सायेब. आता आपन पोपटीत हाव."

"अहो, मी नागोठण्याचं तिकीट काढलंय!"

"म्हंजे दालगोश्तचंच. मी दोनदा वरडलो. तुम्ही उठला नाय."

"मी शाकाहारी आहे हो!"

जनूभाऊ थबकले. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी पसरली. "अरेरे," ते म्हणाले, "मग तुमची नागोठण्याला बदली कोनी केली?"

सगळी गाडी हसली. समोरून येणारी पेणची गाडी जनूभाऊंनी हात दाखवून थांबवली, साहेबांना तीत बसवलं आणि तिकडच्या कंडक्टरला बजावलं, "यांना दालगोश्तला सोड. पन खायला देऊ नको."

हे जनूभाऊ आज ऐंशीच्या घरात आहेत. पेणपासून रोह्यापर्यंत त्यांची एक गोष्ट सांगतात. ती खोटी आहे. ती खोटी आहे हे तीन माणसांना माहीत होतं. त्यातला एक वारला, एक जनूभाऊ स्वतः, आणि तिसरा मी. अडतीस वर्षं मी गप्प बसलो. आता लिहितो आहे. पण आधी माणूस सांगतो, मग गोष्ट. नाहीतर माझी चूक किती मोठी ते तुम्हाला कळायचं नाही.

मी तेव्हा धाटावच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला होतो. राहायला पेणला. जनरल शिफ्टसाठी सकाळची रोहा गाडी पकडायची, आणि त्या गाडीवर आठवड्याचे सहा दिवस जनूभाऊ. काटकुळा माणूस. खाकी शर्टात आणखी एक जनूभाऊ सहज मावला असता. पिशवी खांद्याला, पंचिंगचा चिमटा हातात, आणि तोंडात एकच वाक्य : "खाल्लंस काय ते सांग. जायचंय कुठं ते मला म्हाइत हाय."

हे वाक्य ऐकवल्याशिवाय त्यांनी कुणाला तिकीट दिलं नाही. गडबला टोपली घेऊन एक म्हातारी चढायची. तिची रोजची उलटतपासणी अशी :

"काय खाल्लंस गो आये?"

"काय खानार? पेज."

"पेजंबरोबर?"

"सुकट होती वायच."

"भाजलेली का तळलेली?"

"भाजलेली."

"कांदा?"

"पांढरा."

जनूभाऊ डोळे मिटून एक क्षण उभे राहायचे. गाडी हलत असायची, ते हलत नसत. मग म्हणायचे, "सुखी हाय तू बाय," आणि चिमटा वाजायचा.

याचा परिणाम घराघरांवर झाला. सकाळी आपण काय खाल्लं हे चाळीस माणसांसमोर मोठ्यानं सांगायचं असल्यामुळे पेणच्या बायका सावध झाल्या. माझी बायको सुमन पोळी लाटताना विचारायची, "आज बसमध्ये काय सांगणार आहात?" रात्रीची शिळी भाजी खाऊन मी एकदा "घावणे आणि नारळाचं दूध" असं ठोकून दिलं. जनूभाऊंनी वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला आणि मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "परधान, दुधी व्हता. कालचा."

माझ्या शेजारी आमच्या स्टोअरमधला दळवी बसायचा. तो लागोपाठ चार दिवस "उपमा" म्हणाला. पाचव्या दिवशी जनूभाऊ तिकीट हातात धरून उभेच राहिले. "दळवी, भांडन मिटव. चार दिवस उपमा म्हंजे साधी गोष्ट नाय. संध्याकाली जाताना मिरगुंडाची पुडी ने आनि बायकोला सांग, तलून दे, तुझ्या हातचीच पायजेत." सहाव्या दिवशी दळवीनं थालीपीठ सांगितलं. गाडीनं टाळ्या वाजवल्या.

कुठं काय खावं हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा माणूस आमच्या जिल्ह्यात नव्हता. त्यांचा पहिला नियम : जिथं पाटी आहे तिथं जेवू नये. "पाटी कोन लावतो? ज्याला कोन वळखत नाय तो." म्हणून त्यांनी सांगितलेली ठिकाणं शोधायला फिरावं लागायचं. गडबला मथीबायच्या पडवीत तांदळाची भाकरी आणि कैरी घातलेली कोळंबी. पण कैरी तिच्या दारच्याच झाडाची असली तर बसायचं, बाजारची असली तर पाणी पिऊन उठायचं. नागोठण्याला सलीमभाईंच्या घरी शुक्रवारी दालगोश्त. दारात उभं राहून फक्त "जनूभाऊंनी पाठवलंय" म्हणायचं. मी म्हटलं. सलीमभाईंनी हात धरून आत नेलं, दस्तरखानावर बसवलं आणि जेवण होईपर्यंत माझं नाव विचारलं नाही. रोह्याला नदीपलीकडे अष्टमीच्या बाजूला एका बाईंकडे सांदणं, पण ती नारळाच्या दुधात बुडवून, "चमचा मागितलास तर माझं नाव सांगू नको." पेणला पोह्याचा पापड कुणाकडचा घ्यायचा हे ते गल्ली, ओटा आणि दाराचा रंग धरून सांगत. आणि बिरडं? बिरडं फक्त रोह्याचं, "कारन वाल सोलायला जेवढी मानसं घरात लागतात, तेवढी आता रोह्यातच एका घरात ऱ्हातात."

जिताड्याचं मात्र वेगळं होतं. आमच्याकडे खाडीतली जिताड्याची पिलं आणून घरामागच्या तळ्यात सोडतात, दोन-तीन वर्षं वाढवतात, आणि तो मासा काढायचा तो जावई आला की. जनूभाऊ म्हणायचे, "जिताडा हॉटेलात मिलत नाय. जिताड्यासाठी लगीन करावं लागतं." ही त्या उपम्याच्या आधीची गोष्ट, दळवी तेव्हा बिनलग्नाचा होता. त्याला त्यांनी सल्ला दिला, "पोरगी बघायच्या आदी तलाव बघ." दळवीनं ऐकलं. खाडीकाठच्या खारेपाटातलं एक स्थळ आलं, तळं चांगलं मोठं होतं, पाण्यात शेपट्या दिसत होत्या. दळवी हो म्हणाला. लग्न झालं, आणि पहिल्या दिवाळसणाच्या आठवड्यात उधाणाच्या पाण्यानं बांध फुटून सगळे जिताडे खाडीला मिळाले. जावयाच्या पानात पडलं वांग्याचं भरीत. दळवीनं ते भरीत आयुष्यभर लक्षात ठेवलं.

थंडीत खिंडीच्या शेतांत पोपटी लागायची. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला, आणि मडकं उलटं घालून भोवती जाळ. ती झाली की नाही हे ठरवायला जनूभाऊंची गाडी थांबायची. ते उतरायचे, ओंजळीतल्या पाण्याचे तीन थेंब मडक्यावर टाकायचे, कान लावायचे. "अजून पाच मिन्टं." ती पाच मिनिटं ड्रायव्हरसकट सगळी गाडी शेताकडे बघत बसायची. घड्याळात बघणाऱ्याला जनूभाऊ समजावत, "सायेब, रोहा कुठं जात नाय. पोपटी करपती." मग मडकं फुटायचं, गरम शेंगा खिडक्या-खिडक्यांतून आत यायच्या. ते सगळ्यांना वाटायचे. स्वतः घ्यायचे नाहीत. "ड्युटीवर नाय," म्हणायचे.

इथंच दळवीच्या डोक्यात किडा वळवळला.

"प्रधान," तो मला एक दिवस म्हणाला, "या माणसाला तू कधी काही खाताना पाहिलंयस?"

मी आठवून पाहिलं. पाहिलं नव्हतं.

"मी सलीमभाईंना विचारलं. ते म्हणाले, वर्षानुवर्षं बोलावतोय, उंबरठा ओलांडला नाही. मथीबायला विचारलं. ती म्हणाली, खिडकीतून विचारतो, आज कैरी किती घातलीस, आणि जातो. अरे, हा माणूस काही खातच नाही! लोकांनी खाल्लेलं लोकांना सांगतो. याच्या जिभेला चव तरी आहे का?"

त्याच्या बोलण्यात ते भरीत होतं हे मला कळत होतं. पण मलाही गंमत वाटली. ज्याच्या शब्दावर आम्ही नदी ओलांडून सांदणं खायला जात होतो तो माणूस तोतया निघाला तर! आम्ही परीक्षा घ्यायची ठरवली. माझ्या घरी सोड्याची वांगी फार चांगली होत. सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. मूठभर घातली की घरभर वास. पेणमधलं मांजरसुद्धा ओळखेल. जनूभाऊंना सुट्टीच्या दिवशी जेवायला बोलवायचं, आणि पानात काय आहे ते न सांगता बघायचं, ओळखतात का.

मी बोलावलं. त्यांनी नेहमीप्रमाणे आढेवेढे घेतले. "वयनीला जड झालंय, कशाला तरास?" सुमनला तेव्हा सातवा महिना होता. मी म्हटलं, "तिचीच इच्छा आहे. रोज तुमचं नाव ऐकते." मग ते तयार झाले. पण गाडीतून मी उतरताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "वशाट नाय ना रे? माझं बंद हाय."

ना श्रावण होता, ना मार्गशीर्ष, की मासे-मटण बंद असावं. मला वाटलं, बहाणा आहे, परीक्षा चुकवतोय गडी.

"नाही हो," मी म्हटलं. "साधी वांगी आहेत."

हे माझं वाक्य. त्यांनी विचारलं होतं, आणि मी तोंडावर खोटं बोललो.

रविवारी ते आले. धुतलेला पांढरा शर्ट, हातात सुमनसाठी आंबट बोरांचा पुडा. पाटावर बसले. सुमननं भात वाढला, वांगी वाढली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. घरी पाहुणा आला की ती सोड्याची वांगी करायची, तशी तिनं केली होती. दळवी आणि मी समोर बसून एकमेकांना कोपरखळ्या मारत होतो.

जनूभाऊंनी पहिला घास घेतला. हात पानावरच थांबला. सुमन कमरेवर हात ठेवून, पळी घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "काही कमी पडलं का, भाऊ?"

त्यांनी मान वर करून तिच्याकडे बघितलं. "नाय गो बाय," ते म्हणाले. "झकास हाय." आणि पान स्वच्छ करून उठले.

ओळखलं नाही! दळवीनं माझ्या मांडीवर थाप मारली. मला हसू आवरेना. जनूभाऊ मागच्या पडवीत हात धुवायला गेले तसे आम्ही दोघं मागोमाग धावलो आणि नाचायचेच बाकी राहिलो. "मास्तर नापास! वांग्यात सोडे होते, मास्तर!"

ते तांब्यानं हातावर पाणी घेत होते. त्यांनी आमच्याकडे बघितलं नाही.

"पैल्याच घासाला कललं," ते म्हणाले. "पोटुशी बाय हौसेनं वाढतेय. तिच्या हातचं पानात टाकू?"

मग त्यांनी जे सांगितलं ते उभ्याउभ्या, टॉवेलला हात पुसत सांगितलं. त्यांची मुलगी शारदा. नाव सरस्वतीचं आणि पोर चार वर्षांची झाली तरी तोंडातून शब्द नाही. डॉक्टर झाले, अंगारे झाले. शेवटी जनूभाऊंनी गावदेवीला सांगितलं, पोरगी बोलली तर जन्मभर वशाट सोडीन. खारेपाटातल्या माणसानं मासे सोडायचे म्हणजे काय, ते मी बाहेरच्या वाचकाला कसं सांगू? त्याच्याजवळ यापेक्षा मोठं द्यायला काही नसतं.

नवस बोलल्याचा आठवा दिवस. घरात ओले बोंबील तळलेले. जनूभाऊ जेवायला बसलेले, पोर मांडीला टेकलेली. त्यांनी बोंबलाचा तुकडा तोंडाजवळ नेला आणि शारदा आयुष्यातला पहिला शब्द बोलली.

"बोंबील."

"तोंडाशी आलेला तुकडा मी खाली ठेवला," जनूभाऊ म्हणाले. हे सांगताना मात्र ते हसले. "बायको रडते, आय रडते, मी बोंबलाकडं बघतोय. बायको बोलली, यवडा खा, उद्यापासून सोडा. मी बोललो, नाय. देवीनं बरोबर टायमाला पकडलंय. तो तुकडा पोरीलाच भरवला. अकरा वर्सं झाली. तवापासून पोरगी गप नाय आनि माझ्या तोंडात काटा नाय. म्हनून लोकांना इचारतो. कोनी भाजलेली सुकट सांगितली की माझं तेवढ्यावर भागतं."

दळवी जमिनीकडे बघत होता. मी म्हटलं, "जनूभाऊ, मला माहीत नव्हतं."

"म्हाइत नव्हतं म्हनूनच इचारलं होतं ना तुला?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. म्हणून जास्त लागलं.

नवस मोडला की देवीपुढे कबूल करावं लागतं. गुरव विचारणार, कुणाच्या घरी, कुणी वाढलं. मी म्हटलं, मी येतो, मी सांगतो, चूक माझी आहे. त्यांनी हात आडवा केला.

"तू येनार नाय. मी सांगेन, खानावलीत गेलो, सोड्याची वांगी बघून जीभ सुटली. तुझ्या घरात बाय सात महिन्यांची हाय. उद्या काय कमी-जास्त झालं तर लोक बोलतील, दुसऱ्याच्या पोरीचा नवस मोडला त्याचं फल. तिच्या डोक्यावर ते नको."

"पण देवीपुढं खोटं..."

"देवीला काय, घराघरातलं दिसतं समदं. गुरवाला नको कलायला."

मी हो म्हणालो. उपकार म्हणून नाही, भीतीनं म्हणालो. हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

पुढचं सगळ्या तालुक्याला माहीत आहे. जनू घरतानं सोड्यापायी पोरीची वाचा पणाला लावली, असं गावात झालं. पंधरा वर्षांच्या शारदेच्या तोंडाकडे लोक डोळे लावून बसले. शाळेत बाई रोज तिला उठवून कविता म्हणायला लावायच्या, वाचा गेली की काय बघायला. ती आणखी मोठ्यानं म्हणायची. शेजारणी सकाळी भिंतीला कान लावायच्या आणि हिरमुसून परतायच्या, कारण आत शारदा भावाला खणखणीत शिव्या घालत असायची. देवीनं काही परत घेतलं नाही. लोकांनी मात्र म्हण करून टाकली. कुणी तंबाखू सोडून पुन्हा धरली की विचारायचं, "झाला का जनू घरत?" आजही विचारतात.

देवीनं केलं नाही ते पोरीनं केलं. जगाशी ती धबधब्यासारखी बोलायची, बापाशी बोलणं तिनं टाकलं. अगदीच नाही असं नाही. "जेवा." "पाऊस आहे, छत्री घ्या." "गोळी घेतली?" एवढंच. ती लग्न होऊन रोह्याजवळ वरशाला गेली. बापाच्या डोळ्याचं ऑपरेशन तिनं करवून घेतलं, आजारपणं काढली, कशात कमी केली नाही. पण प्रश्न नाही, गप्पा नाहीत, हसणं नाही. तुझ्या बापाला तुझ्यापेक्षा वांगं मोठं झालं, हे तिच्या वयाच्या पंधराव्या वर्षी कुणीतरी तिला म्हणालं होतं, आणि बापानं ते खोटं आहे असं एकदाही सांगितलं नव्हतं.

आणि मी? मी त्याच गाडीनं धाटावला जात होतो. सोमवारी सकाळी जनूभाऊंनी मला विचारलं, "खाल्लंस काय ते सांग." तसंच, त्याच आवाजात. मी पोहे म्हणालो. चिमटा वाजला. मला मुलगा झाला, सुखरूप झाला. आता सांगू, असं ठरवलं. मग बारशानंतर सांगू. मग तो शाळेत गेल्यावर. मग इतका उशीर झाला की उशीर का केला हे सांगणंच अवघड होऊन बसलं. सुमनला मी काही बोललो नाही. तिनं त्यानंतर घरात सोडे आणले नाहीत. का, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. ती गेल्याला चार वर्षं झाली. दळवी त्याच्या आधी गेला.

जनूभाऊंनी नवस पुन्हा धरला होता. लोक म्हणाले, मोडलाच आहे तर खा आता. ते म्हणाले, "पोरगी बोलते ना अजून? मग?" निवृत्त झाले, बायको गेली, धाकट्या मुलाकडे वडखळजवळच्या गावी ओट्यावर बसून असतात. ताटात डाळभात.

गेल्या महिन्यात आमच्याकडे सगळे जेवायला बसले होते. माझा मुलगा, जो त्या दिवशी सुमनच्या पोटात होता तोच, डाएट मोडणाऱ्या बायकोला चिडवत म्हणाला, "झाला का जनू घरत?" आणि नातवंडांना गोष्ट सांगू लागला. छान रंगवून सांगत होता. पोरं खिदळत होती. मी अर्ध्या पानावरून उठलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरशाला गेलो. शारदानं मला लगेच ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र सुरू झाली. "बाबांच्या गाडीतले प्रधानकाका! या, बसा. पाय दुखतात का हो? माझ्या सासूबाईंचे पण दुखायचे. चहा घेणार ना? साखर चालते? आमच्याकडे सगळ्यांना शुगर, मी एकटी चालते-फिरते साखरेची बरणी आहे..." चहा आला तरी ती बोलतच होती. मी म्हटलं, "शारदा, मला एक सांगायचंय. मधे बोलू नकोस. नाहीतर मला जमायचं नाही."

मी सांगितलं. त्यांनी मला विचारलं होतं ते. मी काय उत्तर दिलं ते. पहिला घास, सुमन, पडवी, गुरवाला सांगायचं ठरलेलं खोटं. काही वगळलं नाही. माझं हसणंही नाही.

मला वाटलं, आता ही मला घराबाहेर काढेल, आणि ते योग्यच होईल. तिनं पदरानं तोंड पुसलं. नाक ओढलं. मग विचारलं,

"त्यांना आवडलं होतं का ते?"

"काय?"

"वांगं. अकरा वर्षांनी तोंडात सोडा गेला त्यांच्या. आवडला का?"

"मी बघितलं नाही, शारदा," मी म्हटलं. "मी हसत होतो."

ती उठली. आत जाऊन साडी बदलून आली, पायात चपला घातल्या. सुनेला म्हणाली, "संध्याकाळपर्यंत येते."

"मी येऊ का बरोबर?" मी विचारलं.

"तुम्ही नको," ती म्हणाली. "तुम्ही लिहा. जितक्या लोकांनी ऐकलंय तितक्यांना कळलं पाहिजे. माझ्या बाबांना मी विचारते."

मी तिच्यासाठी रिक्षा थांबवून दिली. तेवढंच काम तिनं मला करू दिलं.

काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, मला माहीत नाही, आणि ते विचारायचा हक्क माझा नाही. पण नवव्या दिवशी तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. तक्रारच होती त्याची.

"काका, काय सांगितलंत तुम्ही ताईला? आठ दिवस झाले, ती हितंच हाय, दोघं गप बसत नाय. दुपारचा डोला लागत नाय आमचा."